दार-ए-सलामचे काळे बूट

आफ्रिकेतल्या शहरांचे रस्ते कसे असतात ते मला कळलं, असं परत आल्यापासून मी सगळ्यांना सांगते, आणि सगळे विचारतात, कुठं कुठं फिरलीस? कुठंच नाही. मी दुबईच्या देरा भागातल्या एका गल्लीत फुटपाथवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात शाळेच्या काळ्या बुटांचा डोंगर. शेजारी माझी सख्खी ताई, जी मॉलमधल्या चकचकीत बाकावरसुद्धा आधी टिश्यू फिरवते आणि मग टेकते, ती मातीत बसून विचारत होती, "चौतीस डावा कुणाकडे गेला? अहो, चौतीस डावा." त्या दुपारी मी जितकी हसले तितकी आयुष्यात हसले नसेन. पण गेले होते रागावून. म्हणून आधी राग.

मोहम्मद बिन झायद सिटी

अबुधाबी शहरापासून जरा बाहेर, मुसाफ्फा नावाच्या कारखान्यांच्या वस्तीच्या अलीकडे, ताईचं घर आहे. ती एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये, दाजी एका कंत्राटदार कंपनीच्या अकाउंट्समध्ये, आणि नऊ वर्षांची इरा, जिला मराठी सगळं समजतं आणि बोलायचं मात्र इंग्रजीत असतं. मी नाशिकला पथविक्रेत्यांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, मोर्च्याच्या घोषणा लिहिते, आयुक्तांना न आवडणारी निवेदनं लिहिते. ताईला हे काम म्हणजे कॉलेजनंतर राहिलेली खोकला-सर्दी वाटते. कधीतरी बरी होईल.

पहिल्या दिवशी तिनं माझी बॅग उघडली ती चिवडा काढायला, आणि हाताला लागला पत्रकांचा गठ्ठा. 'रस्ता आमचाही आहे.' ठळक अक्षरात, खाली आमच्या मागण्या.

"हे काय आणलंयस?"

"उरलेली होती. सवयीनं भरली गेली."

"इथं पत्रक वाटायचं नाही. कळलं? वाटायचं नाही, चिकटवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. आमचे व्हिसे आहेत." तिनं गठ्ठा उचलून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या डोक्यावर, मोठ्या कुकरच्या खाली ठेवला.

"मावशी, आर यू अ पॉलिटिशियन?" इरानं विचारलं.

"नाही गं. त्यांच्याशी भांडते."

"ओह. सो लाइक अ कस्टमर."

तीन दिवस आम्ही मॉल बघितले. मी चौथ्या दिवशी फुटले. आठ पदरी रस्ता, मैलभर फुटपाथ, आणि त्यावर कोथिंबिरीची एक जुडी घेऊन बसलेली एक बाई नाही. चांभार नाही, कणीसवाला नाही, किल्ली करून देणारा नाही. हा फुटपाथ कशासाठी बांधलाय, फोटो काढायला? ताई म्हणाली, कोथिंबीर ॲपवर येते. दाजी म्हणाले, दोन दिरहॅमला जुडी, म्हणजे आपले सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस झाले, आणि धुतलेली असते. मी म्हटलं, तुम्ही लोक धुतलेल्या कोथिंबिरीला शहर म्हणता.

माझ्या डोक्यात आधीपासून एक पुस्तिका होती. आफ्रिकेतली शहरं झपाट्यानं वाढतायत, नैरोबी, लागोस, दार-ए-सलाम, आणि तिथल्या फुटपाथवर निम्मं गाव विकून पोट भरतं, हे आमच्या अभ्यासवर्गात वाचलं होतं. मथळासुद्धा तयार होता: 'मनोरा आला, माणूस गेला.' आफ्रिकेला जाण्याइतकी आमच्या संघटनेची ऐपत नाही. पण तिथल्या रस्त्यावरचा पुष्कळ माल देराच्या घाऊक गल्ल्यांतून जातो, हेही वाचलं होतं. म्हटलं, मला देराला न्या. नाहीतर मी मॉलमध्ये भाषण करीन.

शनिवारी नेलं, इराला शेजाऱ्यांकडे ठेवून. निघताना मी कुकरखालून अर्धा गठ्ठा काढून झोळीत टाकला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पत्रक जवळ नसलं की मला उघडं वाटतं.

देरा

अबुधाबी ते दुबई रस्त्यात सांगण्यासारखं काही नाही, तो सरळ आहे. देराला मात्र गाडी लावायला जागा मिळेना. राष्ट्रीय दिन नुकताच झाला होता, बाल्कन्यांवर झेंडे तसेच होते, आणि डिसेंबरची अशी हवा की लोक उगाच चालत होते. शेवटी एका गल्लीच्या तोंडाशी जागा सापडली.

"यल्ला, उतरा," दाजी म्हणाले. "मी ॲपवर पार्किंग भरतो आणि कडक चहा घेऊन येतो."

मी उतरले आणि जागीच थांबले. आवाज होता. तीन दिवसांनी पहिल्यांदा रस्त्याला आवाज होता. चिकटपट्टीचे चर्र-चर्र, पोती आपटल्याचे धप्प, कुणीतरी हिंदीत, कुणी अरबीत, कुणी स्वाहिलीत भाव पाडत होतं. दुकानांच्या बाहेर फुटपाथवर ताडपत्र्या अंथरलेल्या, त्यांवर बादल्या, विग, मुलांचे फ्रॉक, मोबाइलची कव्हरं, आणि मधोमध डोक्याला रंगीत फडकी बांधलेल्या बायका माल खोक्यातून काढत, घड्या घालत, पोत्यात दाबत बसलेल्या. कुणी लुसाकाची, कुणी कंपालाची. जगातले सगळे फुटपाथ घाऊकमध्ये मांडले होते. ताईनं पर्स पोटाशी धरली. मला नाचावंसं वाटलं.

नीमा तिथंच भेटली. पन्नाशीची, रुंद, पिवळ्या-हिरव्या कापडातली. एका कार्गोच्या दुकानासमोर बसून ती बुटांची नवी कोरी खोकी फाडत होती, बूट काढत होती, आतला चुरगळलेला कागद आणि खोकं मागं फेकत होती. रद्दीवाला ते उचलून हातगाडीवर चढवत होता. मी माझ्या इंग्रजीत विचारलं, खोकी का फेकता? तिनं तिच्या इंग्रजीत सांगितलं, "कंटेनरमध्ये जागेचे पैसे. खोक्यात हवा असते. मी हवा नेत नाही. तू बसून विचार, उभ्यानं विचारणारे सरकारी असतात." आणि माझ्या हातात एक खोकं दिलं.

मी बसले. ताई उभी राहिली. ती सरकारी दिसतच होती.

नीमा मला 'दादा' म्हणू लागली. मी दोनदा मागं वळून बघितलं. मग कळलं, स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. भावाला काय म्हणता? तर 'काका'. एवढ्यात दाजी चहाचे कागदी कप सांभाळत आले, आणि नीमा म्हणाली, "या काका." दाजींचा चेहरा असा झाला की ताईला पहिल्यांदा हसू फुटलं. दुकानाला ती 'दुका' म्हणत होती, गाडीला 'गारी'. समुद्रापलीकडे कुणीतरी आमचे शब्द नेऊन थोडे वापरून ठेवल्यासारखं वाटत होतं.

तिचं काम असं. दार-ए-सलामला कारियाको नावाचा बाजार आहे, तिथं शाळेच्या बसथांब्याशेजारी फुटपाथवर तिची ताडपत्री. जानेवारीत शाळा उघडतात, प्रत्येक पोराला काळे बूट लागतात, आणि तिचं वर्ष त्या तीन आठवड्यांवर चालतं. माल बोटीनं जायला तीन-चार आठवडे. तिचा माल ज्या सामायिक कंटेनरमध्ये जायचा होता तो आजच बंद होणार होता. पुढचा कंटेनर म्हणजे शाळा उघडून गेल्यावर.

"मग उशिरा विकाल," ताई म्हणाली.

नीमानं तिच्याकडे बघितलं. "फुटपाथवर जागा तुमची कधी असते? तुमचा माल तिथं असतो तेव्हा. आत्ता माझी भाची चार जुने पट्टे आणि दोन छत्र्या घेऊन जागा धरून बसलीय. शाळा उघडली आणि माझ्या ताडपत्रीवर बूट नसले, तर दुसऱ्या दिवशी तिथं दुसरीचे बूट असतील. मग मी कोण? मी रस्त्यानं जाणारी बाई."

हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. नाशिकला भद्रकालीत तीन फुटांच्या जागेसाठी बाळंतिणीला चौथ्या दिवशी पाटी घेऊन बसलेलं मी बघितलंय. मी झोळीतून वही काढली आणि माझा मुद्दा पुढे सरकवला. म्हटलं, तुमच्या बाजारात मोठमोठे मनोरे उठले असतील. तुमच्या जागा गिळल्या असतील.

"उठले ना. पूर्वी दोन मजली घरं होती. आता मान दुखते. प्रत्येक मजल्यावर दुकानं."

"आणि तुम्हाला हाकललं."

"हाकललं. लांब एक बाजाराची इमारत दाखवली, वरचा मजला. गिऱ्हाईक जिना चढत नाही. आम्ही परत आलो. परत हाकललं, परत आलो."

मी भराभर लिहीत होते. "म्हणजे त्या मनोऱ्यांनी तुमचं जगणं..."

"मनोऱ्यानं मला सावली दिली," नीमा म्हणाली. "आधी सकाळी नऊला ऊन डोक्यावर. बुटांचा डिंक सुटायचा. आता समोर तो काचेचा उभा राहिला, दुपारपर्यंत सावली माझी. आणि वर काम करणाऱ्या पोरी संध्याकाळी खाली येऊन माझ्याकडून घेतात, कारण वरच्या दुकानातले बूट त्यांना परवडत नाहीत. तो मनोरा उतरवू नका म्हणावं. मला उठवू नका म्हणावं, एवढंच."

माझ्या मथळ्याचा दुपारी बाराच्या सुमारास, कडक चहासह, असा निकाल लागला. मी चिडायला हवं होतं. पण मला एकदम हलकं वाटलं, उसना कोट परत केल्यासारखं.

कार्गोवाले खानभाई पेशावरचे. पोती दाबायचं यंत्र त्यांचं, शिवायची सुई त्यांची, आणि गल्लीतला शेवटचा शब्दही त्यांचाच. ते बाहेर येऊन म्हणाले, "ममा, असर की अज़ान के बाद ट्रक जाएगा पोर्ट. उसके बाद खलास. मेरे को मत बोलना."

"इन्शाल्ला," नीमा म्हणाली.

"इन्शाल्ला नहीं, ममा. असर." असर म्हणजे दुपारी तीननंतरची नमाज.

जेवण तिच्या एका मैत्रिणीनं जवळच्या आफ्रिकी खाणावळीतून आणलं. उगाली आणि तळलेला मासा. उगाली म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची उकड, पण ताठ. ताटात वाटीच्या आकारात उभी राहते. हातानं गोळा तोडायचा, अंगठ्यानं खड्डा करायचा, त्यात रस्सा भरून तोंडात. ताईनं चमचा मागितला. चमचा नव्हता. मग तिनं एक गोळा तोडला, मग दुसरा, आणि मासा संपल्यावर म्हणाली, "याच्यावर लसणाची फोडणी घातली पाहिजे." एवढं झालं की समजावं, माणूस मोकळं झालं.

गाडी आली

आता चूक. ती समजायला नीमाची पद्धत आधी सांगायला हवी. ती बूट जोडीनं पाठवत नाही. एका ताडपत्रीवर सगळे डावे, दुसरीवर सगळे उजवे, प्रत्येकात नंबरावर वेगळे ढीग. डाव्यांची पोती वेगळी, उजव्यांची वेगळी. वाटेत कुणी पोतं फोडलं तर हाती नुसते डावे बूट. चोरून करणार काय? सकाळपासून तिनं आणि आम्ही मिळून दोन्ही ताडपत्र्या लख्ख लावल्या होत्या. आता फक्त बुटात कागद कोंबून पोती भरायची होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मला गणवेश दिसला. हातात यंत्र, नजर फुटपाथवर, आमच्याकडेच येतोय.

नाशिकला महापालिकेची अतिक्रमणाची गाडी आली, असा गणवेश दिसला की जो पहिला बघेल त्यानं ओरडायचं, आणि ऐकणाऱ्यानं विचार न करता पथारीची चार टोकं धरून पळायचं. नव्या बायकांना हे मीच शिकवते. त्यात माझा हात कुणी धरत नाही. मी ओरडले, "गाडी आली." मराठीत. देरामध्ये. डाव्यांची ताडपत्री उचलली, उजव्यांवर उपडी केली, उजव्यांची चार टोकं धरली, आणि खानभाईंच्या दुकानामागच्या जिन्याखाली धावले. वाटेत बूट सांडत गेले. ताई, जिला कशाचाही पत्ता नव्हता, तीही माझ्यामागून पळाली, कारण लहानपणापासून मी पळाले की ती पळते.

जिन्याखालून डोकावले. गल्ली स्तब्ध होती. गणवेशवाला शांतपणे एका मोटारीच्या नंबरप्लेटचा फोटो घेत होता. पार्किंग तपासणारा. मोटार आमची.

"ॲपवर पैसे भरले होते ना?" ताईनं विचारलं.

"चहाच्या नादात राहिलं," दाजी लांबून म्हणाले. "दीडशे दिरहॅम. म्हणजे साडेतीन हजार. साडेतीन हजाराचा चहा."

नीमा हळूहळू चालत आली. तिनं गाठोडं सोडलं. डावे, उजवे, तीस, चौतीस, छत्तीस, सगळा एकच काळा काला. तिनं एक बूट उचलला, बघितला, ठेवला. अझानला वेळ किती उरलाय ते विचारायचीही हिंमत होईना.

"असं पळायला कुठं शिकलीस?" तिनं विचारलं.

"नाशिकला. पोलिस आणि महापालिका आले की."

ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. "दादा, आम्हीपण पळतो. दर महिन्याला पळतो. पण डावे वेगळे आणि उजवे वेगळे घेऊन पळतो."

मी म्हटलं, जोड्या लावूनच भरून टाकूया, लवकर होईल. तिचं हसू थांबलं. "जोडीनं पाठवला होता एकदा. अर्धं पोतं आलं. नाही. पुन्हा लावायचं."

मग बसलो. म्हणून ताई मातीत. दाजी तळवे उलटे करून नंबर वाचत होते, "छत्तीस उजवा, छत्तीस उजवा, बत्तीस, नाही, हा डावा, सॉरी," आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होते की एक्सेलमध्ये हे एका फिल्टरचं काम आहे. नीमाच्या दोन मैत्रिणी आपलं काम टाकून आल्या. समोरचा विगवाला आला. बूट हवेतून जात होते. ताईच्या आवाजाला अशी काही धार आली की दोन दुकानांपलीकडून लोक 'चौतीस' ऐकून बघायला येऊ लागले. मी माफी मागायला लागले की नीमा माझ्या हातात बूट द्यायची. तोंड बंद राहावं म्हणून असेल.

ढीग लागले. आणि मग खानभाई म्हणाले, "कागज़ किधर है?"

कागद नव्हता. आतला सगळा कागद रद्दीवाला खोक्यांसकट कधीच घेऊन गेला होता. बुटाच्या चोचीत, म्हणजे पुढच्या टोकात, कागद नसला तर यंत्रात दाबताना ती बसते, आणि चोच बसलेला बूट कुठलीच आई घेत नाही. खानभाईंकडे चिकटपट्टी होती, प्लॅस्टिक होतं, सुतळी होती. "कागज़ नहीं है, बाजी. आजकल सब फ़ोन पे है."

ताई माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे नाही, माझ्या झोळीकडे. झोळीच्या तोंडातून 'रस्ता' एवढं दिसत होतं.

"तू आणलीस," ती म्हणाली. "मी सांगूनसुद्धा."

"अर्धीच."

"आण इकडं." तिनं गठ्ठा ओढला, आजूबाजूला बघितलं, पहिलं पत्रक चुरगळलं आणि बत्तीस नंबरच्या डाव्यात कोंबलं. "कोंब. सगळी कोंब. एक जरी घरी परत आलं तर मी तुला विमानतळावर सोडायला येणार नाही."

माझी इतकी पत्रकं इतक्या वेगानं कुणी कधी खपवली नव्हती. ताईनं व्हिशाच्या भीतीनं कोंबली, पण कोंबली. काही बुटांना अर्धं पत्रक, काहींना पाव, शेवटी मागण्या क्रमांक सातपासून खालचे तुकडे. अझान झाली तेव्हा खानभाई शेवटच्या पोत्याचं तोंड शिवत होते. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. "यल्ला, यल्ला." शेवटचं पोतं चढवताना आम्ही सगळ्यांनी ढकललं, दाजींनीसुद्धा, टाय नसला तरी टाय खांद्यावर टाकल्यासारखा हात करून. ट्रक गेला.

मी वही ठेवायला झोळी उघडली. आत एक बूट होता. चौतीस. डावा.

ताईनं वाकून तळव्यावरचा नंबर वाचला. मग ताई म्हणाली, "मी मघापासून काय विचारत होते?"

मी तो दोन्ही हातांनी नीमापुढे धरला. तिनं बोटानं तो माझ्याकडे परत ढकलला. फुटपाथवर खिळ्याला एकच बूट लटकवतात, नमुना म्हणून. जोडी लटकवली तर जाते. दरवर्षी त्यासाठी एक जोड मोडावा लागतो. यंदा मोडलेला आयता मिळाला. "हा तू ने. मी उजवा लावते."

"माल पोचला की कळवशील?" तिच्या फोनमध्ये माझा नंबर घालत मी विचारलं.

"पोचला तर कळवीन," ती म्हणाली, फडकं डोक्याला घट्ट केलं आणि मैत्रिणींबरोबर हॉटेलकडे गेली. संध्याकाळचं तिचं विमान होतं.

नाशिक

परत येऊन मी तो बूट आमच्या भद्रकालीतल्या शोभाताईंना दिला. त्या चपला विकतात. त्यांनी काही न विचारता खिळ्याला लावला. लोक भाव विचारतात, त्या सांगतात, नमुना आहे. मी रोज जाता-येता बघायचे. डिसेंबर संपला. जानेवारी सुरू झाला. मोबाइल वाजला की मी दचकायचे. ताई रोज रात्री फोनवर विचारायची, आलं का काही? माझ्या पत्रकांची चौकशी तिनं आयुष्यात केली नव्हती, आता त्यांच्या बोटीची करत होती.

मग एका सकाळी फोटो आला. काचेचा मनोरा. त्याची सावली रस्त्याच्या मध्यापर्यंत. सावलीत ताडपत्री, काळे बूट रांगेत, गणवेशातली पोरं वाकून पाय घालून बघतायत, आणि छत्री धरलेली एक मुलगी, ती भाची असणार. वर खांबाच्या खिळ्याला एकच बूट, उजवा. त्याच्या तोंडातून चुरगळलेला कागद बाहेर आलेला, आणि मोठं करून बघितलं तर अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. 'आमचाही आहे.'

मी ताईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "माझं नाव नाही ना कुठं त्याच्यावर?" आणि पाठोपाठ, "इराला दाखवला. शी वॉन्ट्स वन."

खाली नीमाचा मजकूर होता. तो जसा आला तसा सांगते. "दादा, गिऱ्हाइकं विचारतात, बुटात काय लिहिलंय. मी सांगते, लिहिलंय की भाव कमी होणार नाही."